शेजारणीची सही

त्या दोघांनी घर घ्यायचं ठरवलं तेव्हा त्यांना त्या देशात येऊन बावीस वर्षं झाली होती. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. ती दुभाषी होती. डोळ्यांच्या दवाखान्यात, कोर्टात, शाळेतल्या पालकसभेत, जिथे कुठे तिच्या देशातलं माणूस आणि तिथलं माणूस एकमेकांकडे नुसतं बघत बसायचं, तिथे मध्ये बसून ती इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे करायची. "चहाडखोर सुनेचंच काम, फक्त पगारी," असं तिची नणंद फोनवर म्हणायची.

मूलबाळ नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्यांचा बावीस वर्षांचा संसार भाड्यावर झाला होता. त्या वर्षी घरमालकीण वारली आणि तिच्या भाच्यांनी इमारत विकायला काढली. भाडेकरूंना नऊ महिन्यांची मुदत मिळाली. पुन्हा भाड्याची जागा बघावी असं तिला वाटत होतं. तो मात्र हट्टाला पेटला. एरवी भाजी कुठली आणायची हेसुद्धा तिला विचारणारा माणूस, पण या बाबतीत ऐकेना.

"आता जमिनीवरचं घर," तो म्हणाला. "दार उघडलं की पाय मातीत पडला पाहिजे. जन्मभर खाली-वर, खाली-वर केलंय मी. आता मला एका पातळीवर राहायचंय."

"आपल्याला परवानगी लागते त्याला."

"मग घेऊ की परवानगी. चोरी थोडीच करायचीय?"

परक्या माणसाने इमारतीतला फ्लॅट घेतला तर एका अर्जावर काम भागायचं. जमिनीसकट घर घ्यायचं तर जिल्हा कचेरी आधी सगळं तपासायची: किती वर्षं राहिलात, कर भरलात का, पोलिसांत नाव आहे का, दुसरं घर आहे का. आणि एवढं सगळं पार पडल्यावर ज्याची भिंत त्या घराला लागून आहे त्या शेजाऱ्याची सही. तिथल्याच माणसाने घर घेतलं तर शेजाऱ्याला नुसतं कळवायचं असायचं. परक्याने घेतलं तर विचारायचं असायचं.

दुसऱ्याच महिन्यात घर सापडलं. गल्लीच्या शेवटी, दोन मजली, अंगाने अरुंद. मागे चार खाटा मावतील एवढं अंगण, त्यात एक नळ आणि एक वाकडं फळझाड. मालक म्हणजे निवृत्त मोजणीदार. चाळीस वर्षं सरकारी साखळी घेऊन त्याने अख्ख्या शहराच्या हद्दी मोजल्या होत्या, आणि आता तो लेकीकडे राहायला निघाला होता. त्याने दोघांना सगळं घर फिरवून दाखवलं, खिडक्या उघडून, नळ सोडून. लिफ्टवाल्याने जिन्याची प्रत्येक पायरी पाय आपटून पाहिली. मग तो अंगणात गेला, बूट काढून मोजे भिजेपर्यंत उभा राहिला आणि आत येऊन म्हणाला, "हेच."

"अहो, निदान छत तरी बघा."

"छत दुरुस्त करता येतं," तो म्हणाला.

करारनाम्याच्या दिवशी कचेरीत एक गंमत झाली. परका माणूस सही करणार तर दुभाषा हजर हवा, असा कायदा. तिने आपलं ओळखपत्र दाखवलं. अधिकाऱ्याने ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "तुम्ही सरकारमान्य दुभाषी आहात हे मला दिसतंय. पण तुम्ही तुमच्या स्वतःच्या दुभाषी होऊ शकत नाही." मग यादीतून एकाला बोलावलं. तो दोन वर्षांपूर्वी तिच्याच हाताखाली शिकला होता. सगळा करारनामा त्याने घाम पुसत पुसत तिला तिच्या भाषेत समजावला. "सामाईक भिंत"चं त्याने "सगळ्यांची भिंत" केलं. शेवटी तिने त्याला रीतसर फी दिली आणि बाहेर आल्यावर कानात सांगितलं, "सामाईक. पुढच्या वेळी लक्षात ठेव." नणंदेला हा किस्सा कळला तेव्हा ती फोनवर एवढी हसली की तिला ठसका लागला.

"घर पाहावं बांधून म्हणतात," ठसका थांबल्यावर ती म्हणाली. "तुम्ही परक्या देशात विकत घेऊन बघताय, म्हणजे दुप्पट बघाल. आणि काय गं, मागे राहायला कोण आहे त्या घरात?"

"आम्ही आहोत, वन्सं."

"तुम्ही आहात गं. मी पुढचं विचारतेय."

"पुढचं पुढे," ती म्हणाली. नणंदेचं चुकलं होतं असं नाही.

परवानगी पाचव्या महिन्यात आली. उरली शेजारणीची सही.

भिंतीपलीकडे खुर्चीवाली राहायची. वय सत्तरीच्या आसपास, हात लांब, बोटांच्या पेरांवर वेत ओढून ओढून पडलेले घट्टे. लोकांच्या जुन्या खुर्च्यांची बैठक वेताने नव्याने विणून द्यायची. मोजणीदाराचं आणि तिचं वीस वर्षं बोलणं नव्हतं. मोजणीदाराने सामाईक भिंत नव्याने बांधली तेव्हा ती चार बोटं तिच्या हद्दीत सरकली, असं तिचं म्हणणं. शहराच्या हद्दी मोजणाऱ्या माणसाला हे बोलणं झोंबलं होतं. म्हणून तो म्हणाला, "सहीसाठीची नोटीस तुम्हीच द्या. मी गेलो तर ती सही सोडाच, दारही उघडायची नाही."

दुभाषी बाई एका दुपारी दवाखान्यातून सुटून परस्पर तिकडे गेली. पुढची खोली म्हणजे कामाची जागा. भिंतीला खुर्च्या उलट्या टांगलेल्या, खाली पत्र्याच्या घंगाळात वेताच्या पट्ट्या भिजत घातलेल्या. ओल्या वेताला वासही ओल्या लाकडासारखाच येत होता. प्रत्येक खुर्चीच्या पायाला एक रंगीत चिंधी बांधलेली होती, लाल, निळी, पिवळी, एकीला दोन गाठींची हिरवी. वरच्या मजल्यावर राहायची खोली आणि घरातला एकमेव नळ. घंगाळ भरायला म्हातारी बादलीने पाणी खाली आणायची.

दुभाषी बाईने पिशवीतून खाकी लिफाफा काढून पुढे केला. "माझा चष्मा सापडत नाहीये," खुर्चीवाली म्हणाली. "ठेवून जा. वाचते सावकाश."

आठ दिवसांनी दुभाषी बाई पुन्हा गेली. लिफाफा खिडकीत होता, उघडलेला.

"वाचलं का?"

"सगळं वाचलं," खुर्चीवाली म्हणाली. मान खाली, हात वेतात. "त्यातल्या दोन-तीन गोष्टी मला पटल्या नाहीत. मी सही करणार नाही."

"कोणत्या गोष्टी? आपण बोलू शकतो त्यावर."

"कोणत्या ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही."

ती परत निघाली तेव्हा तिची खात्री झाली होती की हे परकेपणाचं आहे. बावीस वर्षांत असले नकार तिने पुष्कळ ऐकले होते. बहुतेक नकार दुसऱ्याच कुठल्यातरी कारणाचे कपडे घालून येतात हेही तिला ठाऊक होतं. घरी तिने नवऱ्याला तसं सांगितलं. तो रात्रीचं जेवण अर्धं टाकून उठला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या एका आजोबांना सूचना समजावून सांगायच्या होत्या. तिने पिशवीतून दवाखान्याचा खाकी लिफाफा काढला, कागद उघडला. तिच्या हातात घराची नोटीस होती. पहिल्याच ओळीत गल्लीचं नाव, घराचा नंबर, खाली जिल्हा कचेरीचा शिक्का.

आजोबांना तिने सूचना पाठ होत्या तशाच सांगितल्या. दिवसातून चार वेळा थेंब. पुढे वाकायचं नाही. आठ दिवस डोक्यावरून अंघोळ नाही. ऑपरेशन झालेल्या डोळ्याच्या कुशीवर झोपायचं नाही. सांगता सांगताच तिला उमगलं की खुर्चीवालीच्या खिडकीत आठ दिवस हेच पडून होतं. आणि त्यातल्या दोन-तीन गोष्टी तिला पटल्या नव्हत्या.

त्या चिंध्याही तिला आठवल्या. दुसरी कोणी असती तर खुर्चीला गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी अडकवली असती.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं, "तिला वाचता येत नाही."

त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे आपला राग नाही तिला?"

"माहीत नाही. तिला कागदाची भीती वाटते, एवढं नक्की."

"मग सोपंच आहे. सही कुठे करायची तिथे बोट ठेव. चार गोड शब्द बोल. तुला काय, ते तर तुझं रोजचं काम."

तिच्या रोजच्या कामात बोट ठेवणं नव्हतं, वाचून दाखवणं होतं. पण हे त्या वेळी बोलायची गरज तिला वाटली नाही.

रविवारी दोघं मिळून गेली. लिफ्टवाल्याला तिथली भाषा कामापुरती येत होती. सगळं समजायचं, बोलताना अडखळायचा. खुर्चीवालीने त्यांना बसायला दिलेल्या दोन्ही खुर्च्या गिऱ्हाइकांच्या होत्या. दुभाषी बाईने खिडकीतला लिफाफा उचलून आपल्या पिशवीत टाकला आणि दुसरा काढला.

"माफ करा, माझ्याकडून एक चूक झाली," ती म्हणाली. "मागच्या वेळी सगळी पानं दिलीच नव्हती मी. आणि दुसरं म्हणजे, परकी माणसं घर घेत असली तर शेजाऱ्याला नोटीस मोठ्याने वाचून दाखवावी लागते. तसा नियम आहे."

असा कुठलाही नियम नव्हता. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं.

खुर्चीवालीचे हात थांबले. तिने दुभाषी बाईकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "नियम असेल तर वाचा. नियमाला कोण काय करणार?"

ती वाचू लागली. कोर्टात वाचायची तशीच, न घाई न ओढाताण. घराचा नंबर, मोजणी, पूर्वेला रस्ता, पश्चिमेला अंगण. दक्षिणेची भिंत सामाईक, मूळ हद्दीपासून शेजारच्या बाजूला इतकी सरकलेली.

"थांबा," खुर्चीवाली म्हणाली. "किती सरकलेली?"

दुभाषी बाईने आकडा पुन्हा वाचला.

"चार बोटं!" खुर्चीवालीने मांडीवर थाप मारली. "म्हणजे त्यानेच लिहून दिलं! वीस वर्षं मला खोटी पाडली आणि आता निघताना कागदावर कबूल केलं. लबाड मेला." ती मनापासून हसली. लिफ्टवालाही हसला. त्या क्षणी त्याला वाटलं, झालं, काम झालं.

तिसऱ्या पानावर आठवं कलम होतं. ही विक्री परक्या व्यक्तीला होत असल्यामुळे लगतच्या शेजाऱ्याला पहिला हक्क राहील. नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत त्याच किमतीला घर स्वतः विकत घेण्याची इच्छा शेजाऱ्याने कळवली, तर विक्री शेजाऱ्याला करावी लागेल.

नवऱ्याने हे कलम आधी वाचलेलं होतं, तिनेही. शेजारी एक म्हातारी, खुर्च्या विणून पोट भरणारी. त्यांनी त्या कलमावर दोन मिनिटंसुद्धा घालवली नव्हती. आता तो बायकोकडे बघत होता. डोळ्यांनी म्हणत होता, पुढे जा.

तिने आठवं कलम वाचलं. पूर्ण वाचलं आणि मग नववं वाचायला घेतलं.

"मागचं पुन्हा," खुर्चीवाली म्हणाली.

तिने पुन्हा वाचलं.

"म्हणजे ते घर मी घेऊ शकते?"

"हो."

"तुम्हाला सोडून?"

"आम्हाला सोडून. तीस दिवसांत कळवलं तर."

"तीस दिवस कधीपासून?"

इथे नवरा खुर्चीत पुढे सरकला. ती म्हणाली, "आजपासून. आज नोटीस वाचून दाखवली म्हणून आजपासून."

खुर्चीवालीने घंगाळातून एक पट्टी काढली, बोटांनी निथळली आणि बैठकीच्या भोकातून ओवून घेतली. मग ती म्हणाली, "आज सही करत नाही. विचार करते. या वेळी खरंच विचार करते."

घरी दाराला किल्ली लावताना तो म्हणाला, "तू कोर्टात नव्हतीस. आपल्या घरासाठी गेली होतीस."

"माहीत आहे."

"तिने वाचायला सांगितलं नव्हतं. तूच म्हणालीस नियम आहे म्हणून. असा नियम आहे?"

"नाही."

"मग स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायचं हे कुठलं शहाणपण?"

"तिला वाचता येत नाही हे मला कळलं होतं," ती म्हणाली. "कळलं नसतं तर मी बोट ठेवलं असतं."

तो आत गेला. पुढचे कितीतरी दिवस तो तिच्याशी फक्त कामाचं बोलला. अमक्या इमारतीची लिफ्ट चौथ्या मजल्यावर अडकली, तमक्या ठिकाणी दोर बदलला. ती ऐकायची. तिलाही वाईट वाटत होतं, पण ते वाईट वाटणं नेमकं कशाचं हे तिला सांगता आलं नसतं. आपण बरोबर वागलो याचा आनंद तर तिला एकदाही झाला नाही. ते अंगण तिलाही आवडलं होतं.

एकोणतिसाव्या दिवशी खुर्चीवालीने जिल्हा कचेरीत जाऊन घर स्वतः घेत असल्याचं कळवलं. तिच्याकडे पैसे होते. कोणाला वाटलं नव्हतं एवढंच. पन्नास वर्षं ती एकटी राहिली, एकटी कमावत आली, आणि खर्च करण्यासारखं तिला काही सापडलं नव्हतं. मोजणीदाराला बातमी कळली तेव्हा तो पायरीवर बसून राहिला. "माझं घर तिला?" एवढंच दोनदा म्हणाला. कायदा मोडायची मात्र त्याला सवय नव्हती. त्याने सही केली आणि लेकीकडे निघून गेला.

खुर्चीवालीने दुभाषी बाईला निरोप धाडून बोलावलं.

"तुम्ही परक्या आहात म्हणून नाही केलं मी," ती म्हणाली. "कोणीही असतं तरी घेतलं असतं. तिकडे नळ खाली आहे. माझे गुडघे गेलेत."

"बरं."

"तुम्ही वाचलं नसतंत तर मला कळलंही नसतं. का वाचलंत?"

"कामच आहे ते माझं."

खुर्चीवालीने मान डोलावली. आभार मानले नाहीत, माफीही मागितली नाही. दुभाषी बाईला ते बरं वाटलं. यातलं काहीही झालं असतं तर उत्तर काय द्यायचं हे तिला सुचलं नसतं.

परवानगी त्या एका घरापुरती होती, ती रद्द झाली. कचेरीतला कारकून म्हणाला, "घर बदललं की अर्ज पहिल्यापासून." मुदतीचे दोन महिने उरले होते. नणंद फोनवर म्हणाली, "गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं म्हणतात ते हे." मग थोडं थांबून म्हणाली, "पण तू वाचलंस ते बरंच केलंस. आमच्या भावाला सांगू नकोस मी असं म्हटलं म्हणून."

शेवटी त्यांनी फ्लॅट घेतला. फ्लॅटला शेजाऱ्याची सही लागत नव्हती. पाचवा मजला, तीन खोल्या, खिडक्या उत्तरेला. दगडापेक्षा वीट मऊ. इमारतीची लिफ्ट जुनी होती आणि पहिल्याच आठवड्यात रहिवाशांना समजलं की नवा मालक लिफ्टवाला आहे. त्यानंतर त्याला रविवारचं सुख उरलं नाही. पण एका रविवारी लिफ्टच्या खड्ड्यातून वर येऊन, हात पुसत तो तिला म्हणाला, "मोटर चांगली आहे. पंधरा वर्षं कुठे जात नाही." त्यावरून तिला समजलं की त्याचा राग गेला आहे, किंवा जात आहे.

पुढच्या वर्षी एका सोमवारी दवाखान्यातून बाहेर पडताना तिला कॉरिडॉरच्या टोकाला खुर्चीवाली बसलेली दिसली. मांडीवर कापडी पिशवी, आत कागद.

"डोळ्यांना काही झालं का?" तिने विचारलं.

"डोळे ठणठणीत आहेत," खुर्चीवाली म्हणाली. "म्हणून तर इतकी वर्षं कोणाला कळलं नाही. हे नगरपालिकेचं काय आहे ते सांग."

ती तिला अगं-तुगं करत होती, आणि ते खटकलं नाही. तिने कागद वाचून दाखवला. पाण्याचं कनेक्शन नव्या नावावर झाल्याचा होता. त्यानंतर खुर्चीवाली दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी येऊ लागली. कधी दवाखान्यात, थंडी वाढल्यावर फ्लॅटवर. ती आली की लिफ्टवाला आधी उठून आतल्या खोलीत जायचा. मग जाईनासा झाला. मग तिला वर आणायला स्वतः लिफ्टने खाली जाऊ लागला, कारण तिला बटणांवरचे आकडे ओळखता येत असले तरी लिफ्टवर तिचा भरवसा नव्हता.

एका सोमवारी ती आली, पण पिशवी उघडेना. चहा पिऊन झाला. मग तिने पदराखाली झाकावा तसा स्वेटरच्या आत ठेवलेला एक कागद काढला. घड्यांवर झिजून त्याचे चार तुकडे व्हायला आले होते.

"हा माझ्या भावाचा आहे," ती म्हणाली. "बाप गेला तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. मला सहीपुरतं नाव तेवढं गिरवता यायचं. त्याने याच्यावर माझी सही घेतली आणि घर आपल्या नावावर केलं. म्हणाला, तुझी सोय केलीय यात. मी म्हटलं, माझी सोय मीच करते. त्याच दिवशी घर सोडलं. नंतर तोंड पाहिलं नाही. तो गेला तेव्हाही गेले नाही."

"वाचू?"

"आणलाय कशाला मग?"

दुभाषी बाईने टेबलावर तुकडे जुळवले आणि आधी मनात वाचलं. हे ती सहसा करत नसे. मग मोठ्याने वाचलं. घर भावाच्या नावावर होत होतं, ते खरंच होतं. आणि पुढे असं होतं की तळमजल्यावरची मागची खोली बहीण हयात असेपर्यंत बहिणीची राहील. घर विकलं, वाटणी झाली, भाऊ वारला, तरी तो हक्क जाणार नाही.

खुर्चीवालीने या वेळी पुन्हा वाचायला सांगितलं नाही.

"त्याने हे सांगितलं होतं मला," ती म्हणाली. "अगदी हेच. मागची खोली तुझी म्हणाला होता. मला वाटलं, मला वाचता येत नाही म्हणून बनवतोय."

लिफ्टवाला दारात उभा होता. तो आत येऊन समोर बसला. त्याच्या तोडक्या भाषेत विचारलं, "ते घर कुठे आहे?"

तिने गावाचं नाव सांगितलं.

"तिथे एका कापडाच्या गिरणीत माझी लिफ्ट आहे," तो म्हणाला. "गुरुवारी जातोय. यायचं असेल तर या."

गुरुवारी दोघं बसने गेली. दुभाषी बाईला कोर्टात काम होतं. संध्याकाळी तो परत आला, बूट काढले, मोजे काढले आणि स्टुलावर बसला.

"काय झालं?" तिने विचारलं.

"घर आहे अजून. भाच्याची बायको असते तिथे. चांगली आहे. आधी तिला वाटलं आम्ही काहीतरी विकायला आलोय." तो पाय चोळू लागला. "मागच्या खोलीत सायकली ठेवल्यात. म्हातारीने त्यातल्या दोन बाहेर काढायला लावल्या आणि मधोमध उभी राहिली. म्हणाली, खिडकी लहान आहे, इथे माझं काम झालंच नसतं."

"रडली?"

"नाही. खिडकीच्या चौकटीवरून हात फिरवला. मग भाच्याच्या बायकोने चहा केला आणि हळूच एक कागद पुढे केला. म्हणे, आत्याबाई, तुम्ही तर इथे राहणार नाही, मग खोलीवरचा हक्क सोडल्याची एक सही देऊन टाका. त्यांना घर विकायचंय बहुतेक. कागद तयारच होता त्यांच्याकडे. म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं."

"दिली सही?"

"छे! म्हणाली, माझी वाचणारी आज बरोबर नाही."

त्याने अवजारांच्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला. त्याला ग्रीसचा डाग पडला होता.

"सोमवारी येते म्हणाली." तो थांबला. "तू काय सांगणार तिला? सही कर की नको करू?"

"मी वाचून दाखवीन," ती म्हणाली.

"ते झालंच. त्यानंतर?"

ती कागद उचलायला गेली नाही. वाचून झाल्यावर काय करायचं, हे तिने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. बसमध्ये म्हातारी नीट बसली होती का, गुडघे दुखले का, असं तिने विचारलं. तो म्हणाला, जाताना सगळा रस्ता ती बोलत होती आणि येताना त्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती.